जाळीतली बाटली

पेला हातात आला की काका आधी तो उजेडाकडे धरायचे. मग पालथा करून झटकायचे. मग नाकाशी नेऊन, डोळे मिटून, लांब वास घ्यायचे. आणि मग कुणाकडेही न बघता म्हणायचे, “आदी वास, मंग इस्वास.”

पेला त्यांच्याच घरचा असायचा. त्यांनीच राखेने घासलेला, त्यांनीच उन्हात वाळवलेला. त्याला हात लावायला घरात दुसरं माणूसही नव्हतं. तरी हा सोहळा कधी चुकला नाही.

पेल्याचंच असं होतं असं नाही. गवळ्याचं दूध, वाण्याचं तेल, दवाखान्यातलं औषध, सगळं आधी नाकाशी जायचं. गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं. तिथे हातावर तीर्थ पडलं तर तेही हुंगून मग प्यायचे. एकदा गुरव चिडला, म्हणाला, अहो, देवाचं आहे ते. काका शांतपणे म्हणाले, “देवावर संशय नाय माजा. पळीवर हाय.”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक आळीत एक तरी असतो, जो कुलूप लावून ओढून बघतो आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढतो. मी स्वतः त्याच जातीची. म्हणून तर त्यांच्याबद्दल लिहायला बसले. नाहीतर माझी शाळा मराठी तिसरीतच सुटली. लिहिण्याचा सराव म्हणाल तर माहेरी खुशाली कळवण्यापुरता.

माझं माहेर चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. बाप प्यायचा. आमच्याकडे मोहाची निघते, आणि तिला दारूबंदीचा कायदा कधी कळलाच नाही. बाप दिवसाढवळ्या अंगणात पडला की माय शेतात आणि मी बापाच्या उशाशी, कुत्रं तोंड चाटू नये म्हणून काठी घेऊन. शाळा अशी सुटली. मला त्या वासाची इतकी ओळख झाली की बाप वळणावर असताना मला घरात कळायचं.

माझं लग्न झालं ते ड्रायव्हरशी. सरकारी मोटारीवरचे ड्रायव्हर. माणूस शांत, हात कामाला चांगला. पण दोन वर्षांत तोच वास एक दिवस आमच्या दारात आला. मी काही बोलायच्या आत डेपोतल्या साहेबांनीच ह्यांना धरलं. नोकरी गेली नाही, पण समज मिळाली की पुन्हा तोंडाला वास आला तर चाक कायमचं सुटेल. आणि बदली झाली ती थेट पनवेलला. ह्यांनी कुलदैवताची शपथ घेतली. मी मान हलवली. शपथा माझ्या बापानेही घेतल्या होत्या. दरवेळी वेगळ्या देवाची.

म्हणजे पनवेलला आलो तेव्हा मी काय घेऊन आले, तर दोन ट्रंका, एक शेगडी आणि एक नाक.

वडाळे तलावाच्या अंगाला कौलारू चाळ होती. आमच्या दोन खोल्या, आणि मध्ये फळ्यांची भिंत घालून पलीकडे काका. चाळीला एकच सलग ओटा. सगळ्यांचं सगळं त्या ओट्यावर दिसायचं. मुलखापासून इतक्या लांब, ओळखीचं कुणी नाही, हवा दमट, पाण्याला वेगळीच चव. मी पहिले काही दिवस दार लोटूनच बसायचे. फळीच्या फटीतून पलीकडचं ऐकायचे.

आणि पलीकडून रोज दिवेलागणीला एक आवाज यायचा. सुस्स.

नाग फुसकारावा तसा, पण लांब. मग थोडा वेळ काही नाही. मग पेल्यात काहीतरी जोराने पडल्याचा आवाज. मग काकांचं ते वाक्य.

साळवीकाकू आमच्या दुसऱ्या बाजूला राहायच्या. त्यांना गल्लीतलं सगळं ठाऊक असायचं आणि जे ठाऊक नसेल तेही त्या सांगायच्या. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेतलं. म्हणाल्या, नवऱ्याला जप. शेजारी सोडावाला आहे.

मला वाटलं गोटीच्या सोड्याचं दुकान असेल. काकू म्हणाल्या, दुकान कसलं, घरातच करतो. आणि सोडा कशात घालतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हा इथल्याच गव्हाण गावचा. बाप मिठागरावरचा. हा पोरपणी पळून बोटीवर गेला, तिथे गोऱ्यांच्या जेवणघरात बटलर झाला. म्हातारपणी परत आला. गावात स्वतःचं घर आहे, शेत आहे, भाऊबंद आहेत, आणि राहतो कुठे, तर इथे भाड्याच्या खोलीत. का? गावात लग्न असलं की लग्नाला जातो, अक्षता टाकतो, पण आदल्या दिवशीच्या हळदीला, जिथे इकडे पुरुषांची पिण्याची बैठक बसते, कधी जात नाही. का? सख्ख्या पुतणीच्या हळदीलासुद्धा गेला नाही. का? काकूंना प्रत्येक ‘का’ आवडायचा. उत्तर त्यांच्याकडे एकच होतं. म्हणाल्या, ह्याला परमिट असणार. चोरून एकट्याने प्यायची सवय, चारचौघांत कसा पिईल?

त्या काळात डॉक्टरने लिहून दिलं तर दारूचं परमिट मिळायचं. परमिटवाला म्हणजे गल्लीच्या लेखी अर्धा साहेब आणि अर्धा चोर. काका दोन्ही दिसायचे. पांढरा शुभ्र सदरा, दाढी रोजची, पायात कॅनव्हासचे बूट. बोलणं मात्र गावाकडचं, हाय नाय करत, मध्येच एखादा बोटीवरचा इंग्रजी शब्द टाकून.

बाटली मी पहिल्यांदा पाहिली ती फटीतून नाही, समोरूनच. संध्याकाळी ते ती ओट्यावर आणून बसायचे. जाड काचेची, पोट सुटलेली बाटली, आणि अंगभर तारेची जाळी. डोक्यावर पितळेचं टोपण, त्याला चोच आणि दाबायची दांडी. आमच्याकडे बैलाच्या तोंडाला अशी मुसकी घालतात. पाणी ते सकाळीच उकळून, माठात निववून, फडक्यातून गाळून ठेवायचे. ते आत ओतायचं, टोपण पिळून बसवायचं. मग बोटाएवढी लोखंडी कांडी एका नळीत घालून ती बाटलीच्या मानेला लावून फिरवायची. कांडीत गॅस कोंडलेला असतो. तो आत शिरला की सुस्स. मग बाटली कुशीत घेऊन तान्ह्या मुलासारखी हलवायची. दांडी दाबली की पेल्यात पांढरं फसफसतं पाणी.

मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, “सूनबाय, पाणी गार नसंल तं गॅस रुसतो. सायबाच्या बायकोवानी.”

मी हसले नाही. आत गेले.

बाजारातला गोटीचा सोडा ते पीत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, “त्या गोटीवर किती जनांचे आंगठे पडले, त्याचा हिसाब कोन देनार?” कांड्या त्यांच्या ओळखीचा एक बोटीवरचा माणूस अधूनमधून मुंबईला आणून द्यायचा. रिकाम्या झालेल्या कांड्या गल्लीतली पोरं न्यायची, दोऱ्याला बांधून आगबोटी करायची. काकूंचं म्हणणं होतं, कांडीतूनच येते ती. बाहेरून लोखंड, आतून माल.

इथपर्यंत मला फक्त भीती होती. पण पावसाळा सरला आणि आमचे हे ड्युटीवरून आले की हात-पाय धुऊन सरळ काकांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले.

मी खिडकीच्या गजाआडून बघायचे. रोज एकच प्रकार. हे वर चढायचे आणि बसण्याआधी वाकून काकांच्या तोंडाशी तोंड न्यायचे. काहीतरी कुजबुज व्हायची. काका क्षणभर डोळे मिटायचे, मग मान हलवायचे, आणि हात बाटलीकडे जायचा. दोन पेले. पहिला काकांचा. तो आधी हुंगायचे, भरायचे आणि भरल्यावर पुन्हा हुंगायचे. मग ह्यांचा, वर लिंबू पिळून. मग दोघं तलावाकडे तोंड करून बसायचे, फारसं न बोलता.

आता तुम्हीच सांगा. साधं पाणी कुणी भरण्याआधी आणि भरल्यानंतर हुंगतं का? आणि रोज रोज कानात सांगण्यासारखं काय असतं?

हे घरात आले की मी ताट वाढताना जवळून जायचे. वास यायचा तो डिझेलचा, विडीचा आणि लिंबाचा. दुसरा नाही. पण माझ्या मायने मला शिकवलं होतं की लिंबू हा दारूचा सोबती असतो. तो एकटा आला तर त्याला विचारावं, तुझ्याबरोबरचा कुठे आहे.

मायने आणखी एक शिकवलं होतं. बाप कळशीत पाणी म्हणून काही आणून ठेवायचा, तेव्हा ती त्यातलं ओंजळभर चुलीत टाकायची. पाणी असेल तर विस्तव विझतो. दुसरं असेल तर निळा भडका उठतो. आमच्या घरात देवाच्या कौलाइतका त्या चुलीवर भरवसा होता.

मग मी एक दिवस ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा ताटलीत घेऊन काकांच्या ओट्यावर गेले. त्यांनी ताटली हुंगली. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, हे तं बॉयलरमध्ये घालायचं सामान हाय. पण भाकरी सगळी खाल्ली. मी पदर सावरत म्हटलं की पोटात जळजळतं, थोडा सोडा मिळाला तर बरं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण पेला भरून दिला.

मी तो दोन्ही हातांनी झाकून घरात आणला आणि शेगडीवर रिकामा केला.

छुर्र झालं. राख उडाली. पेटलेले कोळसे काळे ठिक्कर पडले. भडका नाही, निळं काही नाही. मी तिथेच खाली बसले. रडू येत होतं ते आनंदाचं की धुराचं, कळेना. शेगडी पुन्हा पेटवायला फुंकणीने छाती फुटली, आणि त्या दिवशी ह्यांना जेवायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी ओले कोळसे मी ओट्यावर उन्हात पसरले होते. काका देवळातून आले, कोळशांकडे पाहिलं, वाकून एक उचलला, आणि तो हुंगला. म्हणाले, “कालचा सोडा शेगडीला पचला काय?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते रागावले मात्र नाहीत. कोळसा जागेवर ठेवून म्हणाले, “माजी आय पन असंच करायची. मिठागरावरना बाप आयला का त्याच्या हातातलं मडकं पयलं चुलीला दावायची. मंग त्याला.”

एवढं बोलून आत गेले. मला वाटलं, गव्हाण कुठे आणि चोपडं कुठे, पण चुली सगळीकडे सारख्याच.

तुम्ही म्हणाल, आता तरी संशय फिटला असेल. नाही फिटला. संशयाची एक खोड असते, एक दार लावलं की तो खिडकीत जाऊन बसतो. बाटलीत पाणी आहे हे कळलं. पण पेल्यात? काकांच्या खोलीत एक कुलपाचं कपाट होतं, त्यात काय? रोजची कुजबुज काय? काकूंना मी शेगडीचं सांगितलं नाही, पण त्या न सांगताच म्हणाल्या की सोडा म्हणजे वाजंत्री, नवरदेव मागून येतो.

तो थंडीच्या अखेरीस आला.

ह्यांच्याबरोबरच्या कंडक्टरच्या भावाचं लग्न होतं, तलावापलीकडे पाड्यावर. आदल्या दिवशी हळद. ह्यांना आग्रह झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांची खोपोलीकडची गाडी होती, पुढे घाट. मी म्हटलं, नका जाऊ. हे म्हणाले, कंडक्टरशी रोजचं काम आहे, तोंड दाखवून येतो. आणि दुपार कलल्यावर गेले.

दिवेलागण झाली. हे आले नाहीत. काका ओट्यावर बाटली भरून बसले होते, पुढ्यात दोन पेले. आज त्यांनी स्वतःचाही भरला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, डायवर कुठं? मी हळदीचं सांगितलं.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. म्हाताऱ्या माणसाला कुणी अंधाऱ्या विहिरीत उतरायला सांगावं तसा झाला. ते उठले, आत गेले, परत आले. पुन्हा बसले. मग म्हणाले, “चल.”

मी म्हटलं, तुम्ही तर हळदीला जात नाही.

“म्हनून तं तू संगं चल बोल्लो.”

बाटली कुशीत घेऊन ते पुढे आणि मी मागे, असे आम्ही तलावाच्या कडेने निघालो. साळवीकाकू दारात होत्याच. आयुष्यात पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत.

मांडवात बायकांची गाणी चालली होती, नवरदेव पिवळा झाला होता. खरी गर्दी मांडवामागे होती. तिथे मटणाची मोठी टोपं चुलाण्यावर होती, आणि बाजूला पुरुषांचा गोल. मध्ये चहाची काळी किटली. किटलीतून पितळी पेल्यांत जे पडत होतं त्याला वाफ नव्हती. मला मांडवाच्या पुढच्या दारातच कळलं होतं. तो वास मला कुठेही कळतो.

काकांना पाहून एकच हशा उठला. एक म्हातारा गाववाला म्हणाला, “काय रं बटलर, वाट चुकला काय?” दुसरा म्हणाला, “चुकला कशाला? सोडा घेऊन आयलाय. आता काय कमी रायलं?” लोकांनी जागा केली.

हे गोलात बसले होते. हातात भरलेला पेला. मला बघून मान खाली घातली.

काका सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. हे त्यांच्याकडे झुकले आणि त्यांच्या नाकाशी तोंड नेऊन हळूच फुंक मारली. अगदी रोजच्यासारखी. आणि मी मागे उभी होते तिथे मला उलगडलं की ती कधी कुजबुज नव्हतीच. रोज दिवेलागणीला माझा नवरा त्या म्हाताऱ्यासमोर तोंड उघडून उभा राहत होता. मी जे चोरून करत होते, तेच तो स्वतःहून त्यांच्याकडून करून घेत होता.

काकांनी डोळे मिटले. मान हलवली. माझ्याकडे वळून म्हणाले, “कोरा हाय.”

मग त्यांनी ह्यांच्या हातातला पेला काढून घेतला. तो ओतून टाकतील असं मला वाटलं. पण सवयीने तो नाकाशी गेला. त्यांनी डोळे मिटले, लांब वास घेतला, आणि पेला तिथेच राहिला.

सगळे बघत होते. कुणीतरी पुन्हा हसलं. पेला हलेना. दुसऱ्या हाताने त्यांनी जाळीची बाटली छातीशी इतकी आवळली होती की तारा सदऱ्यात रुतल्या. मला त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसली. बापाच्या उशाशी बसून मी ती घाटी पाहिली होती. भरलेलं भांडं समोर आलं की बापाचीही तशीच हलायची.

“बाय,” ते म्हणाले, डोळे न उघडता. “ह्यो पेला माज्या हातातून घे. बेगीन घे.”

मी घेतला. त्यांची बोटं पेल्याला चिकटली होती, एकेक सोडवावी लागली. आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी दोन पावलं जाऊन तो चुलाण्यात रिकामा केला.

भक्कन भडका उठला. निळा, टोपाच्या कडेपर्यंत. स्वयंपाकाच्या बायका ओरडून मागे सरल्या. एकीने मला चांगलीच शिवी दिली. मग ती माझ्याकडे पाहत राहिली, मग किटलीकडे, मग स्वतःच्या नवऱ्याकडे.

हे उठून उभे राहिले होते. काकांना उठवत नव्हतं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलं.

परतीच्या वाटेवर तलावाच्या कठड्यावर ते टेकले. म्हणाले, पेले नायत, तोंडातच मारतो. आणि बाटलीची चोच सरळ ह्यांच्या तोंडात धरून दांडी दाबली. हे ठसकले, सदरा भिजला. मग माझी पाळी. नाकात झिणझिण्या आल्या. त्यांनी स्वतः शेवटी घेतला. मी विचारलं, काका, रोज आपलाच पेला दोनदा का हुंगता?

ते पाण्याकडे बघत म्हणाले, “समद्यात जास्त संशय मना माज्यावरच हाय.”

बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. बोटीवर साहेबांचे पेले भरता भरता तळाशी उरलेलं आपल्या पोटात कसं जाऊ लागलं. मग तळाचं वर कसं आलं. एका बंदरात बोट त्यांना विसरून कशी निघून गेली. सोडली तेव्हा हाताला आणि घशाला काहीतरी हवं होतं, टोचणारं, फसफसणारं. दारूमधली दारू काढून टाकली तर जे उरतं ते. ते ह्या बाटलीत सापडलं. गावात राहिलो असतो तर प्रत्येक हळदीला मेलो असतो, म्हणाले. परमिट देतो म्हणून डॉक्टर मागे लागले होते, त्यांना सांगितलं की मग दवाखानाच हुंगावा लागेल. कुलपाच्या कपाटात काय असतं, हे मी त्याच वेळी विचारून घेतलं. ते म्हणाले, भरलेल्या कांड्या. पोरांवर पन इस्वास नाय.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी खोपोलीची गाडी नेली. डेपोत चाक ताब्यात देण्याआधी साहेब जवळ येऊन बोलायचे, मुद्दाम, नाकासाठी. हे त्या दिवशी आधी साहेबांच्या तोंडाशी गेले म्हणतात. साहेबच दचकले.

साळवीकाकूंनी मात्र हळदीची गोष्ट आपल्या पद्धतीने लावली. त्यांच्या गोष्टीत काका दारूची बाटली घेऊन लग्नघरी गेले आणि त्यांनी चूल पेटवून दिली. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, तू साधी आहेस गं. काकांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, “असूं दे. ती नजर ठेवते, बरं हाय. एक नाक जास्त.”

पुढे काही वर्षं असाच सुस्स ऐकू येत राहिला. मला तो आवाज आला नाही तरच धास्ती वाटायला लागली. आमचा मुलगा झाला तो काकांनी हातात घेऊन आधी हुंगला. टाळूवर नाक टेकून बराच वेळ. मग म्हणाले, ह्यो पास.

मग तो बोटीवरचा ओळखीचा माणूस घरी बसला आणि कांड्या यायच्या थांबल्या. काकांनी मुंबईला खेप घातली, रिकाम्या हाताने आले. खाण्याचा सोडा आणि लिंबू पेल्यात घालून ढवळायला लागले. फेस यायचा आणि लगेच बसायचा. एक घोट घेऊन पेल्याकडे बघत म्हणायचे, “ह्यो सोडा नाय. सोड्याची आठवन हाय.” तरी दोन पेले भरायचे. फुंक चुकली नाही, वास चुकला नाही.

छातीचं दुखणं लागलं तेव्हा गव्हाणहून पुतण्या न्यायला आला. काका नको म्हणत होते. आता पिऊन पिऊन पिणार तरी किती, असं पुतण्या थट्टेत म्हणाला, ते त्यांना आवडलं नाही. शेवटी ह्यांची उरणच्या वाटेवरची गाडी होती त्या दिवशी जायला तयार झाले. मला बाटली दिली. म्हणाले, “ही गावात नको. दिसली का लोक पेले घेऊन येतील.” आणि सदऱ्याच्या खिशातून एक कांडी काढून माझ्या हातावर ठेवली. भरलेली. शेवटची राखून ठेवली होती. “कवा लावायची त्ये तुज्यावर.”

मी स्टँडपर्यंत गेले. ते मोटारीत चढले, सरळ पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, आणि पुढे वाकले. आमच्या ह्यांनी मान वळवून फुंक मारली. सगळी मोटार बघत होती, कुणी हसलं. काकांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, “सोड गाडी.”

मी पाहिलेलं ते त्यांचं शेवटचं.

काका गेल्याचं कळलं ते कंडक्टरकडून, काही महिन्यांनी. दहाव्यापर्यंत कुणी निरोप धाडला नव्हता. हे तेव्हा ड्युटीवर होते, मी घरात एकटी. मला पहिला विचार काय आला असेल? दुःखाचा नाही. मला वाटलं, आज हे कुठे जातील. आता ह्यांना थांबवायला ओट्यावर कुणी नाही. दिवसभर मी तीच एक भीती धरून बसले.

दुपारी पाणी उकळलं. माठात निववलं, फडक्यातून गाळलं. दिवेलागणीला बाटली काढली, कांडी बसवली आणि फिरवली. सुस्स झालं. फळीच्या पलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं होतं, त्यांचं पोर धावत बघायला आलं. साळवीकाकू दारातून डोकावल्या आणि, खरं सांगते, डोळे पुसत आत गेल्या.

हे आले. त्यांना डेपोतच कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. हात-पाय न धुताच ओट्यावर आले. मी दोन पेले मांडले होते. आधी माझा उचलला, उजेडाकडे धरला, हुंगला. मग ह्यांचा भरला आणि पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते वाकले, माझ्या तोंडाशी तोंड आणलं, आणि थांबले.

मी म्हटलं, “असू द्या.”

तरी त्यांनी फुंक मारलीच. डिझेलचा वास होता, आणि विडीचा.